फिरत्या घराचीं चाकें



घर बांधावयाचें झालें म्हणजे शहाणा माणूस प्रथम पाया पाहतो. जमीन मुरमाड आहे कीं काळी, भिंतींचा भार कोठें येणार, पावसाचें पाणी कोणीकडून वाहणार, याचा विचार केल्यावांचून तो पहिला दगड बसवीत नाहीं. परंतु जें घर स्वतःच रस्त्यानें धांवतें त्याचा पाया कोणता? त्याचा पाया म्हणजे त्याचीं चार चाकें. आणि प्रत्येक चाक एका क्षणीं जमिनीला जेवढें टेकलेलें असतें तेवढी जागा आपल्या हाताच्या पंजाहून फारशी मोठी नसते. तीन-साडेतीन हजार किलो वजनाचें घर, त्यांतील माणसें, भांडींकुंडीं, अंथरुणें आणि पाण्याच्या टाक्या हा सर्व पसारा अशा चार पंजांएवढ्या जागेवर तोललेला असतो. हीं चाकें व त्यांवरील टायर जुने झाले, म्हणजे त्यांच्या जागीं नवे कोणते घ्यावेत, हा आजचा माझा विषय आहे.

ज्या गाडींत निजावयाची, शिजवावयाची व राहावयाची सोय असते तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. हिचें माहेर म्हणजे युरोप, त्यांतहि विशेषेंकरून जर्मनी व इंग्लंड. तेथें फोक्सवागेन कंपनीची ट्रान्सपोर्टर गाडी किंवा इटलींतील फियाट कंपनीची ड्युकाटो ही मालवाहू गाडी घेऊन तिच्या सांगाड्यावर असें घर उभें करण्याची चाल फार आहे. नोकरीधंद्यानिमित्त त्या देशांत स्थायिक झालेलीं कित्येक मराठी कुटुंबें सुटीच्या दिवसांत अशी गाडी भाड्यानें घेतात, आणि थोडीं विकतहि घेतात. इकडे महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून हा विषय आपल्याकडेहि केवळ परदेशच्या गप्पांपुरता राहिलेला नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, टायर विकत घेणें यांत व्याख्यान देण्यासारखें काय आहे? दुकानदाराला गाडी दाखवावी, तो देईल तो बसवून घ्यावा. साध्या मोटारीच्या बाबतींत हें एखादे वेळीं निभावून जाईल. पण फिरत्या घराची गोष्ट निराळी आहे. साधी मोटार बहुतेक वेळां अर्धी रिकामी धांवते. मालमोटारहि माल टाकून रिकामी परत येते. फिरतें घर मात्र कधींच रिकामें होत नाहीं. ओटा, कपाटें, पलंग, शेगडी, पाणी हें सर्व रात्रंदिवस त्या चाकांवर बसलेलें असतें. शिवाय तें वर्षांतून चार-सहा आठवडे धांवतें आणि उरलेला सर्व काळ उन्हापावसांत एका जागीं उभें असतें. भार भरपूर आणि हालचाल थोडी, ही टायरच्या प्रकृतीला सर्वांत वाईट दिनचर्या होय. म्हणून निवड करतांना चार गोष्टी पाहाव्या लागतात: भार, माप, दाब आणि वय.

प्रथम भार. गाडीच्या निर्मात्यानें दाराच्या चौकटीपाशीं किंवा बॉनेटखालीं एक लहानशी पाटी ठोकलेली असते. तिच्यावर गाडीचें एकूण कमाल वजन आणि पुढच्या व मागच्या आंसावर जास्तींत जास्त किती भार चालेल, हे आंकडे असतात. ही पाटी वाचणें ही निवडीची पहिली पायरी. समजा, मागच्या आंसाचा आंकडा २,००० किलो आहे. म्हणजे मागच्या प्रत्येक चाकानें निदान १,००० किलो पेललेच पाहिजेत.

टायर किती पेलतो हें त्याच्या अंगावरच लिहिलेलें असतें. उदाहरणार्थ, ड्युकाटोवरील घरांना पुष्कळदां लागणारा एक टायर घ्या. त्यावर ‘२२५/७५ आर १६ सीपी ११६ आर’ अशी अक्षरें असतात. २२५ ही टायरची मिलिमीटरमध्यें रुंदी. ७५ म्हणजे त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, अर्थात् सुमारें १६९ मिलिमीटर. पहिला ‘आर’ रेडियल बांधणीचा. १६ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा इंचांतील व्यास. ११६ हा भारांक, आणि शेवटचा ‘आर’ हें वेगाचें अक्षर. त्याचा अर्थ ताशीं १७० किलोमीटरपर्यंत. भारांक म्हणजे किलो नव्हेत. त्याचें कोष्टक ठरलेलें आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०३ म्हणजे ८७५, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १,०३० आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. हे आंकडे एका टायरचे.

आतां आपली २,००० किलोंची पाटी आठवा. १०९ भारांकाचे दोन टायर मिळून २,०६० किलो पेलतात. कागदावर हिशेब जमला. परंतु शिल्लक किती उरली? अवघी ६० किलो. आणि हा हिशेब दोन्ही बाजूंना सारखा भार आहे असें धरून केलेला आहे. घरांत ओटा, शीतकपाट व पाण्याची टाकी एकाच बाजूला आलीं कीं एका चाकावर १,०८० आणि दुसऱ्यावर ९२० किलो यावयास उशीर लागत नाहीं. आंसाची मर्यादा पाळली गेली, पण एक टायर मात्र आपल्या शक्तीबाहेर काम करूं लागला! म्हणून प्रवासाला निघतांना असते तशी गाडी पूर्ण भरून, टाक्यांत पाणी व आंत माणसें घेऊन, एकदां तरी वजनकांट्यावर न्यावी. आधीं सबंध गाडी, मग एकेक आंस, आणि सोय असेल तर एकेक चाक तोलून पाहावें.

मागच्या बाजूला टांगलेल्या वस्तूंचा हिशेब तर आणखीच फसवा असतो. पुढील व मागील आंसांत ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या आंसापासून २ मीटर मागें आपण ६० किलोंच्या सायकली टांगल्या, असें धरूं. तराजूच्या दांडीच्या न्यायानें मागच्या आंसावर ६० नव्हे, ९० किलो भार वाढतो; आणि पुढचा आंस ३० किलोंनीं हलका होतो. पुढचीं चाकें गाडी ओढणारीं असलीं तर त्यांची पकडहि तेवढी कमी होते. नव्या टायरचा भारांक ठरवितांना हें ओझें विसरतां कामा नये. पूर्वीच्याहून कमी भारांकाचा टायर कधींच घेऊं नये. जास्त भारांकाचा मिळाला तर जरूर घ्यावा. मात्र टायर जास्त पेलतो म्हणून गाडींत जास्त सामान भरण्याचा परवाना मिळत नाहीं. आंसाची मर्यादा ती आंसाचीच.

मघांच्या अक्षरांपैकीं ‘सीपी’चा अर्थ सांगावयाचा राहिला. नुसतें ‘सी’ हें अक्षर मालवाहू गाडीच्या टायरचें. ‘सीपी’ हें कॅम्परसाठीं मुद्दाम बांधलेल्या टायरचें. याची बांधणी अधिक कणखर असते. सततचा भार आणि दीर्घ काळ उभें राहणें हें दोन्ही सोसावें म्हणून त्यांत अधिक दाबाची हवा भरण्याची सोय असते. गाडी मुळांत सीपी टायरवर आली असेल तर तिला पुन्हां तेच घालणें हा सरळ मार्ग. सीपीच्या जागीं सी घालावयाचा झाल्यास भारांक व दाब हीं दोन्ही टायरच्या निर्मात्याकडून पडताळून घ्यावीं. साध्या मोटारीचा टायर, माप जुळलें तरी, येथें उपयोगाचा नाहीं.

दुसरी गोष्ट मापाची. आणि येथें टायरपेक्षां चाकाचाच, म्हणजे रिमचा, प्रश्न अधिक येतो. बैलगाडीच्या चाकाला धाव चढविणारा लोहार आपण पुष्कळांनीं पाहिला असेल. तो धाव तापवून चाकावर बसवितो, पाणी ओततो, आणि निवतांना ती चाकाला आंवळते. धाव किंचित् मोठी झाली तर वाटेंत निसटते, लहान झाली तर चढतच नाहीं. त्या लोहाराला जें कळतें तेंच येथेंहि खरें आहे. चाक ‘बसलें’ एवढ्यानें तें ‘जुळलें’ असें होत नाहीं.

चाक हबवर बोल्टांनीं आंवळलेलें असतें. बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास हें पहिलें माप. ड्युकाटोच्या हलक्या सांगाड्याला पांच बोल्ट व ११८ मिलिमीटरचें वर्तुळ असतें. त्याच ड्युकाटोच्या जड सांगाड्याला पांच बोल्टच, पण वर्तुळ १३० मिलिमीटरचें. गाडीचें नांव एक असून चाकें दोन तऱ्हांचीं! जुन्या बाजारांत ‘ड्युकाटोचीं चाकें’ एवढेंच ऐकून पैसे मोजणारा येथें हमखास फसतो. तथापि हें फसणें निरुपद्रवी आहे, कारण तें चाक चढतच नाहीं. जें चाक चढतें आणि तरीहि चुकीचें असतें त्याची भीति अधिक.

त्याचें उदाहरण फोक्सवागेनच्या जुन्या टी-४ गाडीचें देतां येईल. तिचीं बोल्टांचीं मापें पांच व ११२ मिलिमीटर. ऑडी कंपनीच्या कित्येक मोटारींचीं मापें हींच आहेत. त्यामुळें एखाद्या देखण्या मोटारीचीं चकचकीत अलॉय चाकें या गाडीवर सहज चढतात आणि गाडी मोठी ऐटदार दिसूं लागते. परंतु प्रत्येक चाक किती भार पेलेल हेंहि ठरलेलें असतें, आणि पुष्कळ अलॉय चाकांच्या आंतल्या बाजूस तो आंकडा ओतलेला किंवा कोरलेला आढळतो. समजा, तेथें ६९० किलो लिहिलें आहे आणि आपल्या आंसाची मर्यादा १,५०० किलो आहे. प्रत्येक चाकावर ७५० किलो येणार. म्हणजे टायर कितीहि उत्तम असो, धातूचें चाकच ६० किलोंनीं अपुरें. असें चाक पहिल्या दिवशीं मोडत नाहीं. खड्ड्यामागून खड्डे खात त्याला बारीक तडा जातो आणि तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ज्या चाकावर भाराचा आंकडा नाहीं व ज्याचा कागदहि नाहीं तें फुकट मिळालें तरी घेऊं नये. जर्मनींत गाडीच्या मूळ कागदांत नसलेलीं चाकें घालावयाचीं झाल्यास मान्यतेचे दाखले लागतात. ही कटकट वाटते, पण तिचें मूळ याच अनुभवांत आहे.

चाकाच्या मध्याचें भोंक हबच्या उंचवट्यावर नेमकें बसलें पाहिजे. टी-५ गाडीच्या हबचें माप ६५.१ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूच्या पुष्कळ मोटारींचीं चाकें तिच्या पांच बोल्टांवर, १२० मिलिमीटरच्या वर्तुळांत, जुळतात. पण त्यांचें मधलें भोंक ७२.६ मिलिमीटरचें. ही पोकळी योग्य कडें घालून भरली नाहीं तर चाक नेमकें मध्यावर बसत नाहीं आणि वेगांत थरथरतें. याखेरीज ऑफसेट म्हणून एक माप चाकावर ‘ईटी’ या अक्षरांपुढें दिलेलें असतें. हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, हें तें सांगतें. हा आंकडा मूळ चाकाहून फार कमी असला तर चाक बाहेर सरकतें, बेअरिंगवर ओढ पडते आणि सुकाणूचा स्वभाव बदलतो. फार जास्त असला तर चाक आंत सरकून ब्रेकला किंवा स्प्रिंगला घासण्याचा संभव असतो. बोल्टांचेंहि तसेंच. कांहींची बैठक गोल असते, कांहींची निमुळती. गोल बैठकीच्या चाकांत निमुळता बोल्ट आंवळला तर तो केवळ एका बारीक रेषेवर टेकतो आणि पुढें सैल होतो. बोल्ट हातानें फिरवितांना निदान सहा-सात आटे आंत गेले पाहिजेत. मग टॉर्क-पान्यानें, निर्मात्यानें सांगितलेल्या जोरानें तो आंवळावा (टी-५ साठीं हा आंकडा १८० न्यूटन-मीटर आहे) आणि सुमारें ५० किलोमीटर गेल्यावर पुन्हां तपासावा. गॅरेजमधील माणसानें कितीहि जोर लावलेला असला तरी ही दुसरी तपासणी चुकवूं नये.

मोठीं चाकें घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. टी-५ चा २१५/६५ आर १६ हा मूळ टायर काढून २५५/४५ आर १८ घातला तर बाहेरचा व्यास जवळ जवळ तोच राहतो. पहिला सुमारें ६८६ मिलिमीटर, दुसरा ६८७. वेगदर्शक कांटा बिघडत नाहीं, आणि सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें. पण टायरच्या बाजूची उंची १४० वरून ११५ मिलिमीटरवर आली. म्हणजे खड्ड्याचा धक्का सोसणारी गादी तेवढी पातळ झाली. आणि १६ इंची मालवाहू टायरचा भारांक १०६, तर १८ इंचीचा बहुधा १०३. दोन टायर मिळून १,९०० किलोंच्या जागीं १,७५० राहिले. रिकाम्या गाडीला हें चालेल. तींत बिऱ्हाड थाटलेलें असेल तर आधीं कांट्यावर जाऊन यावें आणि मगच शोभेचा विचार करावा.

तिसरी गोष्ट दाबाची. भार खरोखर टायर पेलीत नाहीं, त्यांतील हवा पेलते. हवा कमी असली कीं टायरच्या बाजू दर फेऱ्याला अधिक वांकतात, वांकण्यानें तापतात, आणि तापून आंतले थर सुटूं लागतात. भारांकाचा आंकडा खरा ठरतो तो नेमलेल्या दाबावरच. सीपी टायरना मागच्या आंसावर ५.५ बार, म्हणजे सुमारें ८० पौंड, इतका दाब पुष्कळदां सांगितलेला असतो. साध्या मोटारीच्या ३२-३५ पौंडांची संवय असलेल्या माणसाला हा आंकडा छापण्याची चूक वाटते. पण ती चूक नव्हे. मात्र एवढा दाब रबरी देठाच्या साध्या व्हॉल्व्हला झेपत नाहीं. त्याची मर्यादा सामान्यतः ६५ पौंडांच्या आसपास असते. म्हणून नव्या टायरबरोबर धातूचे व्हॉल्व्ह मागून घ्यावेत, आणि रिम तेवढा दाब सोसणारी आहे ना हेंहि विचारावें. टायरची जात बदलली तर पाटीवरचा जुना दाब लागू पडेलच असें नाहीं. वजनकांट्याची चिठ्ठी टायरच्या निर्मात्याला कळविल्यास त्या भाराला योग्य दाब तो सांगतो. दाब नेहमीं टायर थंड असतांना मोजावा, आणि धांवून आल्यावर वाढलेला दिसला तरी हवा सोडूं नये.

चौथी आणि माझ्या मतें सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट वयाची. १० सप्टेंबर २०१२ च्या रात्रीं इंग्लंडांत, आइल ऑफ वाइट बेटावरील संगीतोत्सवाहून तरुण मंडळींना घेऊन परतणारी एक बस सरे परगण्यांत हाइंडहेडजवळ झाडावर आदळली. दोन प्रवासी व चालक असे तिघे मृत्यु पावले. पुढचा एक टायर फुटला होता. त्याच्यावरील नक्षी कायद्याला हवी तेवढी खोल होती. बघणाऱ्याला त्यांत दोष दिसला नसता. पण तो टायर १९ वर्षांहून अधिक जुना होता. आणि त्या वेळच्या कायद्यांत टायरच्या वयाबद्दल एक अक्षरहि नव्हतें! मृत तरुणांपैकीं एकाच्या मातेनें त्यानंतर वर्षानुवर्षें चिकाटीनें चळवळ केली, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथें बस व मालमोटारींच्या पुढच्या आंसावर, तसेंच मिनिबसच्या एकेरी चाकांवर, दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी झाली.

हा कायदा खासगी फिरत्या घरांना लागू नाहीं. पण रबराला कायदा ठाऊक नसतो. ऊन, हवेंतील ओझोन आणि एकाच जागीं उभें राहणें यांनीं तें आंतून कडक होतें. फिरत्या घराचा टायर झिजून क्वचितच संपतो. तो म्हातारा होऊन संपतो, आणि शेवटपर्यंत तरुण दिसतो. वय ओळखण्याची युक्ति सोपी आहे. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनीं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं चार आंकडे असतात. २३१९ असे आंकडे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला. तीनच आंकडे असले तर तो २००० सालापूर्वींचा. त्याच्याकडे दुसऱ्यांदां पाहावयाचेंहि कारण नाहीं. हे आंकडे कधीं कधीं टायरच्या एकाच बाजूला असतात. दिसले नाहींत तर गाडीखालीं वांकून आंतली बाजू पाहावी. पांच वर्षें झालीं कीं दर वर्षीं जाणत्याकडून तपासून घ्यावें. आणि दहा वर्षें ही अखेरची मर्यादा समजावी, मग नक्षी कितीहि खोल असो. दुकानांतून नवा म्हणून घेतांनाहि हे आंकडे वाचावेत. फळीवर पडलेल्या टायरचेंहि वय वाढतच असतें.

खरेदीच्या वेळीं आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. एका आंसावरचे दोन्ही टायर एकाच जातीचे व एकाच वेळीं बदलावेत. दोनच नवे घेतले तर ते मागें घालावेत. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर सामान्य चालकाला गाडी सांवरणें कठीण जातें. जर्मनींत हिंवाळ्यांत बर्फावर गाडी न्यावयाची असल्यास टायरवर पर्वत व हिमकणाचें चिन्ह असावें लागतें. ‘एम अधिक एस’ हीं नुसतीं अक्षरें १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें हिंवाळी टायर म्हणून पुरेशीं धरत नाहींत. भारतांत घेतांना आयएसआय चिन्ह पाहावें.

आपल्याकडील परिस्थितींत दाब व वय या दोहोंना तर अधिकच महत्त्व आहे. उन्हाळ्यांत विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवर सडक तव्यासारखी तापते. ११ डिसेंबर २०२२ रोजीं पहिला टप्पा खुला झालेल्या समृद्धि महामार्गावर तासन् तास एका वेगानें जातां येतें. आणि घाट उतरतांना ब्रेकची उष्णताहि चाकांतच उतरते. तेथें अर्धवट हवेचा, जास्त लादलेला आणि म्हातारा टायर या तिन्हींची गांठ पडली म्हणजे काय होईल तें मीं सांगावयास नको.

सारांश, पाटी वाचा, गाडी तोला, चाकावरचा व टायरवरचा भारांक जुळवा, दाब राखा, आणि जन्मतारीख पाहा. यांतील एकाहि कामाला फारसा पैसा लागत नाहीं. लागतें तें थोडें वांकणें आणि थोडें वाचणें. मुलेंबाळें मागच्या पलंगावर निर्धास्त निजलेलीं असतात, तीं आपल्या भरंवशावर. त्या भरंवशाला पात्र राहण्यासाठीं प्रवासापूर्वीं एक अर्धा तास खर्च करणें कोणालाहि जड वाटूं नये.